‘तुंबाड’ : भुकेल्या देवाची कहाणी

मराठी घरात मूल गोष्ट ऐकण्याइतके मोठे झाले की पहिल्या चार-पाच गोष्टींत भोपळ्यात बसून जाणाऱ्या म्हातारीची गोष्ट हमखास येते. म्हातारी लेकीकडे निघते, वाटेत वाघ आडवा येतो, तुला खातो म्हणतो, आणि म्हातारी त्याला लेकीकडे जाऊन लठ्ठमुठ्ठ होऊन येण्याचा वायदा करून वेळ मारून नेते. आपण ही गोष्ट हसत सांगतो आणि मूलही हसत ऐकते, पण तिच्या मुळाशी खाणारा कोण आणि खाल्ले जाणारे कोण हाच प्रश्न असतो. राही अनिल बर्वे दिग्दर्शित ‘तुंबाड’ या चित्रपटात हीच मांडणी उलटी होते. इथे खायला टपलेली म्हातारीच आहे, ती साखळीने बांधलेली आहे, आणि तिला घास भरवण्याची जबाबदारी एका लहान मुलावर येऊन पडते. ‘तुंबाड’ला भयपट म्हणण्याची पद्धत पडली आहे आणि जाहिरातीच्या सोयीसाठी ती ठीकच आहे, पण माझ्या मते हा चित्रपट म्हणजे आपल्याकडे ज्याला ‘कहाणी’ म्हणतात त्या प्रकाराचे, सगळे दिवे मालवून केलेले कथन आहे.

हा चित्रपट 12 ऑक्टोबर 2018 रोजी प्रदर्शित झाला, तेव्हा तो फार थोड्या लोकांनी चित्रपटगृहात पाहिला. नंतर घरोघरच्या पडद्यांवर त्याची कीर्ती पसरत गेली आणि 13 सप्टेंबर 2024 रोजी तो पुन्हा प्रदर्शित झाला, तेव्हा पहिल्या खेपेपेक्षा जास्त कमाई करून गेला. मी तो दोन्ही वेळा पुण्यातच पाहिला. पहिल्यांदा ऐन नवरात्रात एकटीने आणि दुसऱ्यांदा गणपतीत, एकोणीस वर्षांच्या भाच्याबरोबर. हा लेख मुख्यतः त्या दुसऱ्या पाहण्यातून आलेला आहे, कारण पहिल्या वेळी चित्रपटगृहातील प्रक्षेपण इतके अंधुक होते की अर्धा चित्रपट मला काळ्या पडद्यावरचा आवाज म्हणूनच कळला. त्या चित्रपटगृहाचे नाव घेण्याची गरज नाही. तक्रार केल्यावर मिळालेले ‘चित्रपटच तसा आहे’ हे उत्तर मात्र इतकी वर्षे मनात सलत होते. चित्रपट तसा नाही. त्यातला अंधार दिव्यांनी विणलेला आहे, आणि तो अंधार नीट दिसावा लागतो.

ज्यांनी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी कथानक थोडक्यात सांगते; शेवट सांगणार नाही. समृद्धीच्या देवीला असंख्य देव झाले, त्यांतला पहिला हस्तर. आईचे सोने त्याने मिळवले, पण धान्याला हात घालताच बाकीचे देव त्याच्यावर तुटून पडले. आईने त्याला वाचवले ते एका अटीवर, की त्याची पूजा कधी होणार नाही आणि त्याला सगळे विसरतील. तो आईच्या गर्भात निजून राहिला. पुढे तुंबाड गावातल्या एका घराण्याने हव्यासापोटी त्याचे देऊळ बांधले आणि तेव्हापासून गावावर देवांचा कोप पावसाच्या रूपाने कोसळतो आहे. एवढी प्रस्तावना झाली की आपण 1918 सालात येतो. विनायक आणि सदाशिव हे दोन भाऊ आईबरोबर गावाबाहेरच्या घरात राहतात. आई वाड्यातल्या वृद्ध सरकारांची सेवा करते ती एका सुवर्णमुद्रेच्या आशेने, आणि घरातल्या बंद खोलीत ती म्हातारी आहे. पुढे काय घडते ते पडद्यावरच पाहावे. आई विनायकला घेऊन पुण्याला येते, तुंबाडला परत न जाण्याचे वचन त्याच्याकडून घेते आणि पंधरा वर्षांनी, 1933 साली, विनायक ते वचन मोडतो. तिसरा भाग 1947 सालचा आहे. त्यात विनायकचा मुलगा पांडुरंग बापाकडून हा उद्योग शिकतो.

दुसऱ्यांदा चित्रपट पाहिला तो शनिवार होता. गौरींचे विसर्जन होऊन दोनच दिवस झाले होते. आमच्या घरी गौरी उभ्याच्या असतात. त्यांच्यासमोर धान्याच्या राशी मांडतात, त्यांची बाळे बसवतात, सोळा भाज्या होतात, पुरणावरणाचा नैवेद्य होतो, आणि तिसऱ्या दिवशी त्यांना दहीभाताची शिदोरी देऊन निरोप देतात. म्हणजे समृद्धीची देवी माहेरवाशीण म्हणून घरात येऊन, पोटभर जेवून, आपल्या लेकरांसह नुकतीच परत गेली होती, आणि तिच्यामागोमाग मी त्याच देवीच्या एका उपाशी लेकराची गोष्ट पाहायला गेले होते. हा योग जुळवून आणलेला नव्हता. मध्यंतरात भाचा बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “मावशी, सगळे त्याच्याकडून घ्यायलाच जातात. त्याला काही द्यायला कोणीच कसं जात नाही?”

या एका प्रश्नाने सहा वर्षांपूर्वी पाहिलेला चित्रपट मला नव्याने उलगडला. हस्तरला भूक आहे ती पिठाची. विनायक दोराने विहिरीच्या तळाशी उतरतो, पिठाचे रिंगण आखून त्यात बसतो आणि कणकेची बाहुली समोर टाकतो. हस्तर त्या बाहुलीवर झडप घालतो, तेवढ्या वेळात त्याच्या कमरेच्या लंगोटातून पडतील तितक्या मुद्रा विनायक गोळा करतो आणि जीव मुठीत धरून दोराने वर येतो. पदार्थ तोच आहे. आपण देवापुढे ठेवतो तेव्हा त्याला नैवेद्य म्हणतो आणि गळाला लावतो तेव्हा त्याला आमिष म्हणतो. विनायक आयुष्यभर आमिष टाकत राहिला. ज्याची उपासमार हे आपल्या घरच्या भरभराटीचे मूळ आहे, त्याला एकदा पोटभर घालावे हा विचार त्या घराण्यात कोणाच्याही मनाला शिवत नाही, आणि दिग्दर्शकही तो पात्रांच्या तोंडून वदवून घेत नाही. पांडुरंगाच्या डोक्यात जास्त बाहुल्या नेण्याची युक्ती येते, पण तीही जास्त घेता यावे म्हणूनच येते. हस्तर भयानक दिसतो, त्याचे अंग सोलल्यासारखे लालभडक आहे, तरीही त्याच्या त्या झडपेत मला दुसऱ्या वेळी भुकेले मूल दिसले, आणि मग भीतीत कालवलेले दुःख चित्रपट संपल्यावरही सुटले नाही.

पिठाविषयी थोडे अधिक लिहिले पाहिजे, कारण या चित्रपटाची कल्पनाशक्ती किती घरगुती आहे हे त्यात दिसते. परदेशी परीकथांमध्ये सफरचंद, चरखा, काचेचा बूट असल्या वस्तू जादूच्या होतात. त्या वस्तू त्यांच्या घरांतल्या आहेत आणि म्हणूनच त्यांच्या मुलांना खऱ्या वाटतात. आपल्याकडे जादूटोण्याचा चित्रपट करायचा म्हटले की कवट्या, लिंबे आणि काळ्या बाहुल्या येतात, आणि त्या बहुतेक घरांत नसतात. कणीक मात्र प्रत्येक घरात असते. दिव्यांच्या अमावास्येला माझी आजी पितळी परातीत कणीक मळून गुळाच्या पाण्यात भिजवलेले दिवे करत असे. गोळा हातात फिरवून अंगठ्याने मधोमध खळगा पाडायची, कडेला चिमटीने वातीसाठी नाक काढायचे आणि शिल्लक राहिलेल्या कणकेची आम्हा मुलांसाठी एक बाहुली करायची, अशी तिची रीत होती. ती बाहुली वाफवून आली की खाण्याआधी तिचे डोळे कोणी काढायचे यावर भांडण होई. विनायकच्या हातात कणकेची बाहुली पाहिली तेव्हा माझ्या तळहाताला त्या ओल्या, किंचित चिकट गोळ्याचा स्पर्श आठवला आणि अंगावर काटा आला. पिठोरी अमावास्येला पिठाच्या मूर्ती करून आई लेकरांसाठी व्रत करते, यज्ञात जिवंत पशूऐवजी पिठाचा पशू करण्याची पिष्टपशूची प्रथाही जुनी आहे. मळलेले पीठ हे देहाच्या बदल्यात द्यायचे द्रव्य आहे ही समजूत आपल्या हाडीमाशी इतकी मुरलेली आहे, की चित्रपटाला ती समजावून सांगावी लागत नाही. हस्तरपुढे बाहुली टाकणे म्हणजे स्वतःच्या ऐवजी दुसरे काहीतरी खायला देणे, हे मराठी प्रेक्षकाला आपोआप कळते.

आता कहाणीविषयी. श्रावणात वाचल्या जाणाऱ्या आपल्या कहाण्या वरवर गोड वाटतात, पण त्यांचा कायदा कडक असतो. वसा घेताना सांगितले जाते की उतू नये, मातू नये, घेतला वसा टाकू नये. राणी उतते, मातते, वसा टाकते, आणि मग राज्य जाते, भाऊ ओळखत नाही, ताटातल्या अन्नाचे कोळसे होतात. या कहाण्यांत दारिद्र्य फार स्पष्ट आहे, आणि देवाचा कोपही तितकाच. ‘तुंबाड’मध्ये वचन आहे, ते मोडणे आहे, तीन भाग आहेत, तीन पिढ्या आहेत, आणि प्रत्येक पिढीला निषिद्ध दार उघडायचा मोह होतो. परीकथेचा हा सांगाडा बर्व्यांनी अतिशय प्रामाणिकपणे पाळला आहे. हस्तरविषयीचे नियम एकदा सांगितले की मध्येच सोयीसाठी बदलत नाहीत. रिंगण म्हणजे रिंगण, स्पर्श म्हणजे शाप, आणि शापित माणसाला मरण नाही. अद्भुत कथेत अशी शिस्त असली की पाहणारा भीतीच्या पुढे जाऊन विचार करू शकतो. ती नसली की पाहणारा नुसता दचकतो. ‘तुंबाड’मध्ये दचकवण्याच्या जागा फार थोड्या आहेत, आणि त्याही कथेच्या ओघात येतात.

सोमवारची खुलभर दुधाची कहाणी येथे आठवल्याशिवाय राहत नाही. राजाला शंकराचा गाभारा दुधाने भरायचा असतो. दवंडी पिटली जाते, धाकाने सगळे गाव घरातले दूध, मुलांच्या आणि वासरांच्या तोंडचे काढून आणते, आणि गाभारा भरत नाही. एक म्हातारी मुलाबाळांना खाऊ घालते, गाईवासरांना चारा घालते, सगळे तृप्त झाल्यावर खुलभर दूध घेऊन येते आणि तेवढ्याने गाभारा भरतो. ‘तुंबाड’ ही या कहाणीची उलटी बाजू आहे. इथली आई आपली मुले अर्धपोटी घरी ठेवून वाड्यावर जाते, विनायक घरच्या माणसांकडे पाठ फिरवून मुद्रा आणतो, आणि गाभारा कितीही मुद्रा काढल्या तरी संपत नाही, तसे त्याचे मनही भरत नाही. गाभारा हा शब्द ‘गर्भागार’ या संस्कृत शब्दावरून आला आहे. देवळाचा गाभारा आणि आईचा गर्भ हे आपल्या भाषेत मुळातच एक आहेत, आणि चित्रपटातली विहिरीखालची जागा, जिच्या भिंती मांसल, ओलसर आणि धडधडत्या आहेत, ती शब्दशः देवीचा गर्भ आहे. आईच्या पोटात शिरून भावाच्या अंगावरचे सोने चोरायचे, इतकी अभद्र प्रतिमा मी दुसऱ्या कोणत्याही भारतीय चित्रपटात पाहिलेली नाही. आणि ती इतक्या गंभीरपणे, इतक्या कमी शब्दांत मांडली आहे की ओंगळ वाटत नाही.

छायाचित्रणाबद्दल जितके लिहावे तितके थोडेच. पंकज कुमार यांचा कॅमेरा कंदिलाच्या, चुलीच्या आणि ढगाळ दिवसाच्या उजेडाशी इमान राखतो. काळपट हिरवा, शेवाळलेला, ओला असा एकच रंग सगळ्या गावावर पसरलेला आहे, आणि म्हणून गर्भातला लाल रंग समोर आला की डोळे दिपतात. पाऊस खरा आहे. चित्रीकरण अनेक पावसाळ्यांत झाले, आणि तो खरेपणा भिजलेल्या धोतराच्या जडपणात, दगडावरून घसरणाऱ्या पावलात आणि पात्रांच्या बोटांच्या सुरकुत्यांत दिसतो. ज्याने कोकणातला किंवा घाटमाथ्यावरचा आषाढ अनुभवला आहे, त्याला सततच्या पावसाने घरात येणारा कुबट वास, न वाळणारे कपडे आणि चार वाजताच दाटणारा अंधार हे सगळे ठाऊक असते, आणि पाऊस हा शाप असू शकतो हे त्याला वेगळे पटवून द्यावे लागत नाही. ध्वनिसंयोजन कुणाल शर्मा यांचे आहे. पावसाचे किती प्रकारचे आवाज आहेत, ते या चित्रपटात डोळे मिटून ऐकावे: कौलांवरचा वेगळा, पागोळ्यांचा वेगळा, उघड्या माळावरचा वेगळा. पार्श्वसंगीत डेन्मार्कचे जेस्पर किड यांचे आणि गीत अजय-अतुल यांनी संगीतबद्ध केलेले, ही जोडी कागदावर विजोड वाटेल, पण पडद्यावर तिचा सांधा कुठेच जाणवत नाही. छायाचित्रण, कलादिग्दर्शन आणि ध्वनी या तिन्हींसाठी चित्रपटाला फिल्मफेअर पुरस्कार मिळाले, आणि 2018 सालीच तो व्हेनिसच्या महोत्सवात समीक्षक सप्ताहात दाखवला गेला होता. तो मान मिळालेला हा पहिला भारतीय चित्रपट होता.

या चित्रपटाच्या निर्मितीची हकिगत स्वतंत्रपणे सांगण्यासारखी आहे, पण येथे मराठी वाचकाला जवळची असलेली एवढीच बाब नोंदवते. बर्व्यांच्या मनात ही कल्पना रुजली ती 1993 साली, नागझिऱ्याच्या जंगलात मित्राने ऐकवलेल्या नारायण धारपांच्या एका कथेने. पहिला खर्डा त्यांनी 1997 साली लिहिला, तेव्हा ते अठरा वर्षांचे होते. गावाचे नाव श्री. ना. पेंडशांच्या ‘तुंबाडचे खोत’ या कादंबरीतून आले. 2012 साली चित्रीकरण झाले, ते मनासारखे न झाल्यामुळे पुन्हा लेखन आणि पुन्हा चित्रीकरण झाले, ते 2015 साली संपले. या दुसऱ्या फेरीत आनंद गांधी सर्जनशील दिग्दर्शक म्हणून होते, तर आदेश प्रसाद सहदिग्दर्शक होते. एकच गोष्ट दोन दशके उराशी धरून बसलेल्या माणसाने हा चित्रपट केला आहे, आणि तो पाहताना त्या धरून बसण्याची किंमत जाणवते. धारप पुण्याचे. माझ्या पिढीतल्या कित्येकांनी त्यांची पुस्तके ग्रंथालयातून आणून, घरच्यांची नजर चुकवून, पांघरुणात वाचली. धारपांची भीतीही अशीच असे. ती परक्या गढीतून येत नसे, ती माजघरातून, माळ्यावरून, आजीच्या खोलीतून येत असे. त्या वाचकांना ‘तुंबाड’मध्ये काहीतरी ओळखीचे भेटेल.

अभिनयात सोहम शाह यांचा विनायक पहिल्या दृश्यापासून ठसतो. तो दुष्ट नाही. त्याला आपला हव्यास पूर्णपणे ठाऊक आहे आणि त्याची लाज नाही, एवढेच. मुलगा पांडुरंग झालेला मोहम्मद समद हा बालकलाकार थक्क करतो, आणि शापित म्हातारीच्या रंगभूषेआडही तोच आहे हे कळल्यावर मला चित्रपटाची सगळी वंशावळच वेगळी दिसू लागली: पणजी आणि पणतू एकाच चेहऱ्यात. आईच्या भूमिकेत ज्योती माळशे यांनी अत्यंत थोड्या संवादांत एका बाईची थकलेली आशा दाखवली आहे. एक मुद्रा मिळावी म्हणून तिने काय काय सोसले असेल, ते तिच्या चालण्यात दिसते. दूरचित्रवाणीमुळे आपल्याला परिचित असलेल्या अनिता दाते यांनी विनायकची बायको केली आहे, आणि माझी पहिली मोठी तक्रार तिच्यापाशीच सुरू होते. घरात मुद्रा येतात, दुसरी बाई येते, मुलगा बापाच्या वळणावर जाऊ लागतो, आणि हे सगळे जिच्या डोळ्यांदेखत घडते तिच्या मनात काय चालले आहे, ते विचारायला चित्रपट थांबत नाही. कहाण्यांमध्ये वसा घेणारी, मोडणारी, पुन्हा धरणारी नेहमी बाईच असते. येथे बाईच्या वाट्याला फक्त सोसणे आले आहे.

मधला भागही मला घाईचा वाटतो. विनायककडून मुद्रा विकत घेणारा राघव आणि त्याचे कर्ज, इंग्रज अधिकारी, अफूचा परवाना, हा सारा व्यवहार दोन-चार दृश्यांत उरकला आहे. दीपक दामले यांनी राघवच्या डोळ्यांतली लालसा उत्तम दाखवली आहे, परंतु त्या इंग्रज पात्राला चेहराच नाही. पारतंत्र्याचा काळ आणि 1947 चे स्वातंत्र्य यांचा धागा चित्रपटात आहे, वाडा सरकारजमा होण्याची वेळ आली म्हणून शेवटची घाई होते, आणि लोभाचे मालक बदलतात पण लोभ तसाच राहतो हे त्यातून सुचवायचे असावे. त्याला आणखी दहा मिनिटे मिळायला हवी होती. चित्रपट सगळा मिळून पावणेदोन तासांच्या आतबाहेर आहे, जागा होती.

दुसरी तक्रार भाषेची आहे आणि ती मी मनापासून करते. माणसे विनायक, सदाशिव, पांडुरंग, वैदेही, राघव, गाव कोकणातले, खेड तालुक्यात जगबुडीकाठी याच नावाचे गाव खरोखरच आहे, शहर पुणे, पगड्या, धोतरे, नऊवारी, वाडे, ओसऱ्या सगळे आपले, आणि बोलणे हिंदी. चित्रपटाचा पसारा आणि त्याला लागलेला पैसा पाहता हे का झाले ते समजते. पण मूल झोपावे म्हणून हस्तरचे नाव घेऊन घातलेली ती भीती, जी चित्रपटात पुन्हा पुन्हा येते आणि दर वेळी वेगळा अर्थ घेऊन येते, ती ऐकताना माझ्या मनात आपसूक ‘झोप, नाहीतर बागुलबुवा येईल’ असेच उमटत होते. ज्या भाषेत आपल्याला पहिल्यांदा भीती घातली गेली, त्याच भाषेत ती वाक्ये आली असती तर चित्रपट आणखी खोल गेला असता. भाच्याला हे पटले नाही. त्याच्या मते हिंदीमुळेच ती गोष्ट चार प्रांतांत पोहोचली, आणि त्यालाही उत्तर नाही.

पुण्यात राहणाऱ्यांसाठी एक गोष्ट सहज जमण्यासारखी आहे. चित्रपटातल्या सरकारवाड्याचे चित्रीकरण सासवडच्या पुरंदरे वाड्यात झाले. दिवे घाट चढून गेले की सासवड तासाभराच्या अंतरावर आहे. नवरात्राच्या आधी आम्ही दोघे एका सकाळी गेलो. शनिवारवाड्याची आठवण करून देणारे बुरूज, खाली दगड आणि वर विटांचे बांधकाम, त्या विटांच्या सांध्यांतून उगवलेली रोपटी, आणि तटाला लागून नेहमीसारखी चाललेली गावाची वर्दळ, असे ते दृश्य होते. आत जाण्याचा प्रयत्न आम्ही केला नाही, बाहेरूनच पाहिले. भिंतीतून वर आलेल्या पिंपळाच्या एका मुळापाशी भाचा बराच वेळ उभा होता. ज्यांनी चित्रपट पाहिला आहे त्यांना ते मूळ पाहून काय आठवेल हे सांगायला नको, आणि ज्यांनी पाहिलेला नाही त्यांना सांगून त्यांचा धक्का घालवायचा नाही.

आता पाहण्याच्या सोयीविषयी. लहान मुलांना हा चित्रपट दाखवू नये, परीकथेचे नाव ऐकून तर मुळीच नाही. मोबाइलच्या पडद्यावर, दिवसाउजेडी, तुकड्यातुकड्यांनी तो पाहू नये. त्यातले निम्मे चित्र अंधाराच्या कडेला घडते आणि लहान पडद्यावर ती कडच पुसली जाते. घरी पाहायचा असेल तर रात्री, खोलीतला दिवा बंद करून, चांगले हेडफोन लावून किंवा स्पीकर जोडून पाहावा. पुन्हा कधी पडद्यावर लागला तर तिकीट काढण्यापूर्वी त्या चित्रपटगृहातले प्रक्षेपण स्वच्छ आहे की नाही, याची दोघाचौघांकडे चौकशी करावी आणि शक्य तो मधल्या रांगांत बसावे, कारण पहिल्या दृश्यात पाऊस सुरू होतो तेव्हा तो चारही बाजूंनी यायला हवा. आणि जाण्याआधी जेवून जावे. आम्ही दुसऱ्या वेळी उपाशीपोटी गेलो होतो. चित्रपट सुटल्यावर रात्री साडेदहाला, देखाव्यांच्या गर्दीतून वाट काढत घरी पोहोचलो, तेव्हा बहिणीने गौरींच्या नैवेद्यातल्या दोन पुरणपोळ्या आमच्यासाठी फ्रिजमध्ये झाकून ठेवलेल्या होत्या. भाच्याने त्या तव्यावर गरम केल्या, पहिला तुकडा मोडला आणि खाण्याआधी ताटाच्या कडेला काढून ठेवला.